पेटीवाल्यांनी विचारलं 'स्केल?', मी म्हणाले 'भूप'

नमस्कार,
मी ५४ वर्षांची, नाशिकची. शाळेत असताना गाण्याच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका अशा दोन परीक्षा दिल्या होत्या, पुढे संसारात गाणं मागे पडलं. गेल्या वर्षापासून कॉलनीतल्या भजनी मंडळात जायला लागले. दर गुरुवारी असतं. गेल्या महिन्यात आमचे नेहमीचे पेटीवाले गावी गेले होते म्हणून दुसरे एक काका आले. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, स्केल?" मी म्हणाले, "भूप." काका मोठ्याने हसले. "अहो, राग नाही विचारला, स्केल विचारली!" तबलजी हसला, मग बायका हसल्या. मी कशीबशी गायले आणि प्रसाद न घेता घरी आले.

घरी सांगितलं तर मुलगी (वय १६, कीबोर्ड शिकते, ट्रिनिटीच्या परीक्षा देते) म्हणाली, "आई, काकांचंही चुकलंच. स्केल म्हणजे सी मेजर, ए मायनर असं असतं. ते विचारत होते ती की." यजमान पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "माझं स्केलिंग सोमवारी आहे, दाताच्या डॉक्टरांना विचारून येतो."

एका शब्दाचे किती अर्थ असावेत? बरोबर कोण? आणि पुन्हा कोणी विचारलं तर काय सांगू? तीन गुरुवार झाले, मी मंडळात गेलेली नाही.
— खजील, नाशिक

ताई,

निकाल आधी सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. काकांना हवं होतं ते उत्तर 'भूप' नव्हतं. पण त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याच्या इंग्रजी अर्थाने बघितलं तर 'भूप' हे उत्तर बरंच जवळ जातं. लंडनहून आलेल्या एखाद्या पियानोवाल्याने तुम्हाला हाच प्रश्न विचारला असता, तर 'भूप' ऐकून त्याने मान डोलावली असती आणि 'काळी चार' ऐकून तो गोंधळला असता. गोंधळ आहे तो शब्दात. तुमच्या प्रवेशिकेला त्यात बट्टा लागत नाही.

काकांना काय हवं होतं ते आधी बघू, कारण त्यांचा प्रश्न खराच गरजेचा होता. गाणारा कोणत्या उंचीवर सा धरणार, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. पेटीवर बारा ठिकाणी सा धरता येतो: सात पांढऱ्या, पाच काळ्या. त्या ठिकाणांना आपल्याकडे सरळ नंबर दिलेत. दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी ती पांढरी एक, तिथून उजवीकडे पांढरी दोन, तीन अशा सातापर्यंत. आणि जोडीतल्या काळ्या त्या काळी एक, काळी दोन, पुढच्या तिघी काळी तीन, चार, पाच. तुमच्या मुलीच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी आणि काळी चार म्हणजे जी शार्प. गाणाऱ्या पुरुषांची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते, बायकांची काळी चार-पाचच्या आसपास. मधे साधारण पंचमाचं, म्हणजे सा ते प इतकं, अंतर पडतं. युगुलगीत बसवताना कुणीतरी एक ओरडतो नाहीतर कुणीतरी एक पुटपुटतो, ते यामुळे.

आणि तबलजी का हसला, तेही सांगते. प्रश्न पेटीवाल्यांनी विचारला, तरी उत्तराची जास्त घाई त्याला होती. पेटीवाल्याला पट्टी बदलायची तर बोटं दोन इंच सरकवली की झालं. तबला षड्जात, म्हणजे गाणाऱ्याच्या सा मध्ये, मिळवलेला असतो. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी विणीवर) हातोडी मारून, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) वरखाली करून तो अर्धा-एक स्वर इकडेतिकडे करता येतो. त्यापलीकडे चढवला तर पुडी फाटायची भीती, उतरवला तर आवाज बद्द. म्हणून जाणते तबलजी दोन-तीन तबले घेऊन फिरतात, लहान तोंडाचा चढ्या पट्टीसाठी, मोठ्या तोंडाचा उतरत्या पट्टीसाठी. तुम्ही 'भूप' म्हणालात तेव्हा तो हातात हातोडी धरून बसलेला होता. त्याचं हसू मी तरी माफ करून टाकलं असतं. काकांचं अर्धंच केलं असतं, पन्नाशीच्या बाईवर चारचौघांत हसण्याआधी "म्हणजे पट्टी कोणती हो?" असं विचारायला किती वेळ लागतो?

कारण शब्द आपल्याकडे होता. पट्टी. 'कोणत्या पट्टीत गाणार?', 'वरच्या पट्टीतला आवाज', 'चढ्या पट्टीत बोलू नकोस'. भांडणापासून भजनापर्यंत सगळीकडे चालणारा शब्द. मग साध्या पट्टीच्या जागी स्केल कुठून आली? पेटीच्या दुकानात गेलात तर 'स्केल चेंजर' पेटी दिसेल. तिच्यात सगळ्या पट्ट्या एकत्र डावी-उजवीकडे सरकवता येतात आणि त्यांच्याखाली वेगळे सूर येतात. वाजवणारा बोटं सवयीच्या जागीच ठेवतो आणि आवाज मात्र दुसऱ्या पट्टीचा निघतो. यात बदलतो तो फक्त सा. म्हणजे नाव स्केल चेंजर आणि काम पट्टी बदलायचं. पेटीवाल्यांच्या, ऑर्केस्ट्रावाल्यांच्या, रेकॉर्डिंगवाल्यांच्या तोंडी स्केल म्हणजे पट्टी हे इतकं मुरलंय की आता त्याला चूक म्हणणं हट्टीपणाचं होईल. लाखो लोक एका अर्थाने शब्द वापरतात आणि एकमेकांना तो बरोबर कळतो, तर तो त्याचा एक अर्थ झालाच. फक्त हा अर्थ आपल्या इथला आहे.

आता मुलीचा अर्थ. पाश्चात्य संगीतात स्केल म्हणजे ठरावीक अंतराने चढत जाणारी स्वरांची ओळ. लॅटिनमध्ये स्काला म्हणजे शिडी, जिना. इटालियनमध्ये अजूनही जिन्याला स्कालाच म्हणतात. ताई, प्रवेशिकेला आपण आरोह-अवरोह घोकले, तेही चढणं आणि उतरणंच की. दोन्हीकडच्या लोकांना स्वरांकडे बघून जिनाच आठवला, याची मला अजून गंमत वाटते. (मिलानचं प्रसिद्ध ऑपेरागृह ला स्काला मात्र स्वरांच्या स्केलवरून नाव घेऊन आलेलं नाही. १७७८ साली ते उघडलं त्या जागी आधी सांता मारिया अल्ला स्काला नावाचं चर्च होतं, ते देला स्काला घराण्यातल्या एका बाईच्या नावाने, आणि त्या घराण्याच्या चिन्हावर शिडी. म्हणजे फिरून फिरून शिडीच.)

त्या जिन्याच्या पायऱ्या कशा आहेत ते मेजर, मायनर वगैरे शब्द सांगतात. जिना कोणत्या मजल्यावरून सुरू होतो ते सी, डी, जी शार्प ही अक्षरं सांगतात. 'सी मेजर' म्हणजे पांढरी एकपासून सुरू होणारा अमुक घडणीचा जिना. आपल्याकडे पायऱ्यांच्या घडणीला थाट म्हणतात. वाळकेश्वरला जन्मलेल्या संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी जे दहा थाट मांडले, त्यातला बिलावल म्हणजे मेजर स्केल, आसावरी म्हणजे मायनरचा साधा प्रकार. भूपात पाचच पायऱ्या, सा रे ग प ध, आणि तिकडे या घडणीला मेजर पेंटॅटॉनिक स्केल असं लांबलचक नाव आहे. म्हणून म्हटलं, तुमचं उत्तर त्या अर्थाच्या जवळ जातं. नुसतं जवळ, कारण राग पायऱ्यांवर संपत नाही. देशकारच्याही याच पाच पायऱ्या आहेत आणि तरी तो भूप नाही. भूप गंधारावर (ग) रेंगाळतो, देशकार धैवतावर (ध). स्केलमध्ये रेंगाळणं मोजत नाहीत.

पण मला खरा फरक दुसरीकडे दिसतो आणि तो कळला की तुमच्या घरातलं भांडणच मिटेल. तिकडे पट्टी रचनेची असते, इकडे गळ्याची. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी सी मायनरमध्ये लिहिलेली आहे. १८०८ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा सी मायनर, आज मुंबईत एनसीपीएला वाजली तरी सी मायनर. वाजवणाऱ्याला विचारायचा प्रश्नच नाही, ते कागदावर छापलेलं असतं. तुमच्या मुलीच्या परीक्षेच्या पुस्तकात जी मेजर लिहिलं असेल तर तिने ते जी मेजरमध्येच वाजवायचं, ते पुस्तक तिचा गळा कसा आहे असं विचारत नाही. आपला भूप कुठल्याच पट्टीचा नाही. तो तुमच्याबरोबर काळी चारला बसेल, काकांबरोबर काळी एकला, आणि दोन्हीकडे भूपच राहील. म्हणून 'स्केल कोणती?' हा प्रश्न आपल्याकडे रोज विचारावा लागतो. तिकडेही गाणाऱ्यांपुढे शास्त्राला थोडं नमावं लागतं म्हणा: गाण्यांची तीच पुस्तकं उंच आवाजासाठी एक आणि खालच्या आवाजासाठी एक अशी दोन पट्ट्यांत छापून मिळतात.

मुलगी म्हणाली की ते 'की' विचारत होते. बरोबरच्या जवळ आहे, पण पूर्ण नाही, हे तिला हळूच सांगा. की म्हणजे सा कुठे आणि घडण मेजर की मायनर, दोन्ही मिळून. काकांना फक्त सा कुठे एवढंच हवं होतं, कारण घडण तुमच्या रागाने ठरलेलीच आहे. तिला अजून थोडं दमात घ्यायचं असेल तर विचारा, "काळी चारपासूनच्या मेजरला तुम्ही काय म्हणता?" ती 'जी शार्प मेजर' म्हणाली तर पकडा. पट्टी तीच, पण कागदावर तसं सहसा कोणी लिहीत नाही, ए फ्लॅट मेजर लिहितात. पहिल्या नावाने लिहायचं तर आठ शार्प मोजावे लागतात, दुसऱ्याने चार फ्लॅटमध्ये भागतं.

यातही संपत नाही. तुमच्या कॉलनीत गणपतीत कॅराओके होत असेल तर ऐका: "ट्रॅक दोन स्केल खाली घे रे." इथे स्केल म्हणजे ना पट्टी ना जिना, इथे ती एक पायरी झाली, पेटीवरच्या एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाण्याइतकी. शेजारची म्हणजे काळी-पांढरी दोन्ही धरून लगतची. अशी प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपेक्षा कंपनसंख्येने सुमारे ६ टक्क्यांनी वर असते आणि बारा वेळा तसं केलं की कंपनसंख्या बरोबर दुप्पट होते: पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, तर वरच्या सप्तकातली पांढरी सहा ८८०. आणि गिटार घ्यायला गेलात तर दुकानदार 'स्केल लेन्थ' सांगेल. ती तारेची कंप पावणारी लांबी. क्लासिकल गिटारची साधारण ६५० मिलिमीटर. म्हणजे एका गाण्याच्या क्षेत्रातच चार अर्थ झाले. मुलीच्या मास्तरांचा, काकांचा, कॅराओकेवाल्याचा आणि गिटारवाल्याचा. चौघं एका खोलीत बसले तर चहा येईपर्यंत एकमेकांना काही कळणार नाही.

यजमानांचा विनोद राहिला. तो त्यांना वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. इंग्रजीत स्केल हा एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या घरचे तीन शब्द एकाच स्पेलिंगमध्ये येऊन राहिलेत. एक लॅटिन शिडीचा. त्यातून संगीतातली स्केल, नकाशाची स्केल, पगाराची स्केल आणि भूकंपाच्या बातमीतली रिश्टर स्केल. (रिश्टर साहेबांची शिडी १९३५ सालची. तीही गुणाकाराने चढते. सप्तकाला दुप्पट तर तिथे एका पायरीला कंपाची उंची दहापट.) दुसरा जुन्या नॉर्स भाषेतल्या वाडग्याचा, तराजूची दोन पारडी म्हणजे दोन वाडगे, म्हणून वजनकाट्यालाही स्केल. तिसरा टरफलाचा, जुन्या फ्रेंचमधून आलेला. माशाचे खवले ते स्केल, किटलीत बसणारा पांढरा थर तो स्केल आणि यजमानांच्या दातांवरचा थरही स्केल, जो सोमवारी खरवडला जाणार आहे. म्हणजे त्यांचं स्केलिंग तुमच्या भूपाच्या कुळातलं नाही. पापलेटच्या कुळातलं आहे. जेवताना सांगा.

इंग्रजीला हसण्याआधी मात्र आपली पट्टी बघा. घरपट्टी आणि पाणीपट्टी महापालिका घेते, मलमपट्टी दवाखान्यात होते, किनारपट्टीवर पाऊस पडतो. तुमच्या जिल्ह्यात तर कांदा विकल्यावर अडत्या हातात देतो तीही पट्टी, आणि ती बघून शेतकऱ्याचा आवाज कोणत्या पट्टीत जातो ते तुम्ही ऐकलं असेल. पेटीवर बोटाखाली दबते ती लाकडी पट्टी, आणि जिथून गायचं तीही पट्टी. कंपासपेटीतली रेघा मारायची तीही पट्टी, जिला तुमच्या मुलीच्या शाळेत स्केल म्हणतात. म्हणजे पट्टी आणि स्केल या दोघी दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकींना न विचारता, एकमेकींच्या जागी जाऊन बसल्यात. असं भाषेत फार कमी वेळा घडतं. मी तरी आनंदाने बघत बसते.

आता कामाचं. तुमची पट्टी कोणती, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. मला शंका आहे की तुम्हाला ती माहीत नाही, किंवा शाळेत बाईंनी सांगितली होती तीच तुमच्या डोक्यात आहे. ती असेल काळी पाच, आणि तेव्हा ती बरोबरही असेल. पाळी थांबल्यानंतर बऱ्याच जणींचा आवाज थोडा उतरतो, भारदस्त होतो. त्यात कमीपणा काही नाही. पण जुनी पट्टी धरून बसलं की वरचा सा लागताना मानेच्या शिरा ताणतात, हनुवटी वर जाते आणि मग 'आता आवाज गेला माझा' असं वाटायला लागतं. आवाज गेलेला नसतो, तो दोन घरं खाली राहायला गेलेला असतो.

शोधायची कशी? सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा आवाज जड असतो आणि पट्टी उगाच खालची निघते. सर्दी असेल तर आठवडाभर थांबा. दुपारी चारच्या सुमारास, घरात कोणी नसताना, मुलीचा कीबोर्ड पुढ्यात घ्या. काळी चारला सा धरा आणि पाच मिनिटं नुसता सा लावा. मग भूपाच्या स्वरांनीच खाली जा, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापर्यंत, जमलं तर पंचमापर्यंत. तिथे सूर ऐकू यायला हवा, नुसती हवा नको. मग वर जा, तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत. तिथे ओरडावं लागायला नको. वर ताण पडला तर सा एका पट्टीने खाली आणा, पांढरी पाच, मग काळी तीन, मग पांढरी चार. खाली सूर विरत असेल तर वर न्या. आणि आरोह-अवरोहावर निकाल लावू नका. तोच अभंग, जो तुम्ही त्या दिवशी गायलात, तो पूर्ण दोन वेळा गा. दुसऱ्यांदा गाताना घसा काय म्हणतो ते खरं. तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी हे करून बघा. एका पट्टीचा फरक पडेल, त्याने घाबरू नका.

जी निघेल ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि अभंगांच्या शेजारीही लिहा. काही अभंग वर फिरतात, त्यांना एक पट्टी कमी घेणाऱ्या चांगल्या चांगल्या गायिका आहेत. मग पेटीवाल्यांनी "स्केल?" म्हटलं की "काळी तीन" एवढंच सांगायचं. ते "काय गाणार?" म्हणाले की मग अभंग, भूप, ताल. माझ्या आईच्या पिढीतले गाणारे हे न विचारताच एका दमात सांगत: पट्टी, राग, ताल. तुम्हीही तसंच करा. प्रश्न येण्याआधी उत्तर दिलं की कोणत्या शब्दात विचारायचं याची कटकटच राहत नाही.

काकांशी बोलायचं का? मी बोलले असते, पण हिशेब चुकता करायला नाही. "काका, त्या दिवशी मला पट्टी म्हणाला असतात तर लगेच कळलं असतं" एवढंच. मंडळात तुमच्यासारख्या अजून चार जणी असतील ज्यांना त्या दिवशी स्केल कळली नव्हती आणि ज्या सगळ्यांत जोरात हसल्या. त्यांच्यावर उपकार होतील.

मुलीसाठी एक खेळ देते, तो तुम्ही दोघींनी मिळून खेळा, कारण तिला शब्दांनी पटणार नाही, कानांनी पटेल. तिला सांगा, पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. काळी तीनला सा धरायचा आणि फक्त काळ्या वाजवत वर जायचं: काळी तीन, चार, पाच, मग वरची एक, दोन, पुन्हा तीन. ऐका. सा रे ग प ध सा. तुमचा भूप. आता त्याच पाच काळ्या, पण सा काळी पाचला. तोच जिना, सुरुवात वेगळ्या पायरीवरून, आणि समोर मालकंस उभा राहतो. सा काळी एकला धरला तर दुर्गा निघतो, काळी दोनला धानी, काळी चारला धरला तर मेघाचे स्वर. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. काळ्या त्याच पाच राहिल्या, फक्त सा हलला आणि रागाचं नाव बदललं. मग उलटं करा: सा काळी चारला आणा आणि तिथून भूप वाजवायला सांगा. तिला आता पांढऱ्यांना हात लावावा लागेल, दोनदा, गंधाराला पांढरी एक आणि धैवताला पांढरी चार. पट्टी बदलली, भूप तोच. काकांची स्केल आणि तिची स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याच बोटांना कळेल. ती मान्य करणार नाही कदाचित, वय सोळा आहे. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात असताना बाहेरून नुसत्या काळ्या पट्ट्या ऐकू येतील.

गुरुवारी जा. प्रसाद घेऊन या.

आणि हो, पट्टी शोधायला बसण्याआधी कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आहे ना, ते बघा. घरातल्या कॅराओकेनंतर ते हमखास दोन खाली राहिलेलं असतं. मग तुम्ही वहीत काळी चार लिहाल, काका मंडळात काळी चार धरतील, आणि वरच्या गंधाराला पुन्हा सगळे तुमच्याकडे बघतील.